समुद्राकडे पाठ करून

आमच्या गच्चीवर शेजारच्या कडुनिंबाची एक फांदी बिनभाड्याने राहते. फाल्गुन सरत आला की ती फुलते आणि रोज सकाळी गच्चीभर बारीक पांढरी फुलं सांडून ठेवते. आमच्याकडे ती झाडून टाकत नाहीत. सुपात गोळा करायची, वाळवायची आणि पाडव्याला पच्चडीत घालायची. चिंच, गूळ, कैरी आणि वरून तुपात परतलेली ही वेपंपू. आम्ही तंजावरकडची मराठी माणसं, पिढ्यानपिढ्या इथलीच. बोलण्यात निम्मं तमिळ. पुण्याहून बदली होऊन आलेली बँकेतली मंडळी आमची मराठी ऐकून आधी हसतात आणि मग घरी जेवायला येतात. तर यंदा फुलं वेचायला बसले आणि मला एकदम हसू फुटलं. एकटीच खिदळत होते. खालून आमच्या रावांनी काय झालं म्हणून विचारलं. आता काय सांगणार? मला मसूदाअम्मा आठवली होती. मागच्या चैत्रातली, ह्याच गच्चीवर, समुद्राकडे पाठ करून उभी असलेली.

चेन्नईच्या तिरुवल्लिकेणीत आमचं दोन मजल्यांचं घर आहे. खाली मी आणि राव. राव म्हणजे माझे यजमान, रेल्वेतून रिटायर झालेले आणि त्या दिवसापासून पंचांगात मान घालून बसलेले. वरचा मजला आम्ही भाड्याने देतो. दीड वर्षापूर्वीच्या दिवाळीनंतर तिथे मुराद राहायला आला. इस्राएलमधल्या अश्दोद नावाच्या बंदराच्या गावचा इंजिनिअर. श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात कसलीशी नवी यंत्रं बसवायला आला होता. पहाटे कंपनीच्या बसने जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. नाव मुराद, चेहरा सावळा, त्यामुळे गल्लीने त्याला परस्पर मुसलमान ठरवून टाकलं. पलीकडच्या गच्चीवरची झरीना तर त्याला मशिदीची वाट सांगून मोकळी झाली. मग महिन्याभराने त्याची आई आली. तीच मसूदाअम्मा. कैरोत जन्मलेली, मुलगी असतानाच कुटुंबाबरोबर अश्दोदला गेलेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मुराद म्हणाला, डोळ्यांचे डॉक्टर चेन्नईचे, असं कारखान्यातला जो भेटतो तो सांगतो, म्हणून आईला इथेच बोलावलं.

मंडळी निघाली ज्यू, आणि मराठी माणसाला ज्यू म्हटलं की कोकणातले बेने इस्राएल आठवतात. मीही लगेच तेच विचारलं. मुराद म्हणाला, ते वेगळे, आम्ही कराइट. म्हणजे काय, तर देवाने दिलेला ग्रंथ तेवढा मानायचा. त्यावर पुढे धर्मगुरूंनी जे नियम लिहिले, जी गणितं बसवली, ती बहुतेक ज्यू लोक पाळतात. हे लोक ती वाचतात, पण त्यांनी बांधलेले नाहीत. मूळ ओळ प्रत्येकाने स्वतः वाचायची, स्वतः समजून घ्यायची. मला फार आवडलं हे. मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. गाइडं पाठ करून येणारी पोरं बघून बघून माझा जीव विटला होता. आणि इथे एक अख्खा समाज, गाइड बाजूला ठेवून पाठ्यपुस्तक उघडणारा! मी हे बोलून दाखवल्यावर मुराद हसला आणि त्याने आईला ते त्यांच्या भाषेत सांगितलं. तिने मला जवळ बोलावून माझ्या गालाला हात लावला. तिचं इंग्रजी मोडकं, माझं शाळेतलं. तेवढ्यावर आमचं छान जमलं.

ती आल्यानंतरच्या पहिल्याच शुक्रवारी एक गंमत झाली. दिवेलागणीला बघते तर वरचा मजला ठार काळोखात. बाकी गल्लीत लख्ख उजेड. मी रावांना म्हटलं, वरचा फ्यूज गेलेला दिसतो, बिचारी म्हातारी अंधारात धडपडेल. राव टॉर्च, मेणबत्ती, पक्कड असा जामानिमा घेऊन वर गेले. मुराद त्या दिवशी लवकर आला होता. आत मायलेक शांत बसलेले, अंगावर स्वच्छ कपडे, समोर गार जेवण. तिने हाताने रावांना थोपवलं. शब्बाथ म्हणजे त्यांचा विसाव्याचा दिवस, शुक्रवारी सूर्य बुडाला की लागतो. त्या दिवशी घरात विस्तव पेटवू नका, असं ग्रंथात आहे. दुसरे ज्यू आधीच दिवे लावून ठेवतात, हिच्या घरची रीत मात्र मुळीच दिवा न ठेवण्याची. राव मेणबत्ती खिशात घालून तिथेच टेकले. पुढे दर शुक्रवारी आम्ही दोघंही जरा वेळ वर जाऊन बसायला लागलो. चपला दाराबाहेर काढायच्या, सतरंजीवर बसायचं, खिडकीतून येणारा समुद्राचा वारा खायचा. मोबाइल नाही, सीरियल नाही. इतक्या वर्षांच्या संसारात राव त्या अंधारात जेवढं बोलले तेवढं कधी बोलले नव्हते.

तिच्या मनातलं दुखणंही मला तिथेच कळलं. त्यांचा महिना सुरू होतो तो आकाशात नवी कोर दिसली की. दुसऱ्या ज्यूंचं कॅलेंडर आधीच आखून छापलेलं असतं. ह्यांनी मात्र संध्याकाळी बाहेर पडायचं आणि बघायचं. दिसली तर आज महिना लागला, नाहीतर उद्या. कैरोत मसूदाअम्माचे वडील तिला खांद्यावर घेऊन गच्चीवर जात, आणि तिची नजर अशी की सगळ्यांच्या आधी तिलाच दिसायची. अश्दोदला आल्यावर ती समुद्रावर जाऊन उभी राहायची. तिने ‘दिसली’ म्हटलं की तिच्या ओळखीतली माणसं दुसऱ्या कोणाला विचारायची नाहीत. मग डोळ्यांवर पडदा आला. एका संध्याकाळी तिने मोठ्याने ‘दिसली’ म्हणून सांगितलं, आणि ते निघालं लांबच्या विमानाचा पांढरा धूर. लोक चांगले होते. एकाने हळूच तिला खुर्ची आणून दिली, एवढंच. ती खुर्ची तिच्या जिव्हारी लागली. त्यानंतर ती समुद्रावर गेलीच नाही. महिना कधी लागला ते मुलं घरी येऊन सांगायची.

“सांगितलेलं खोटं नसतं गं,” ती म्हणाली. “पण ते त्यांचं असतं.”

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि छान झालं. हिरवी पट्टी निघाल्यावर तिने पहिल्यांदा काय केलं असेल, तर माझ्या साडीच्या काठावरचे मोर मोजले आणि एका मोराला चोच नाही म्हणून मला दाखवलं. मीच मग तिच्या मागे लागले. आता नवी कोर यायची आहे, चला बघायला. ती का कू करत होती. डोळा अजून कच्चा आहे, गर्दीत नको, पुढच्या महिन्यात बघू. खरं म्हणजे ती घाबरली होती. शेवटी मुरादने सुट्टी काढली आणि आम्ही तिघं मरीनावर गेलो. घरापासून चालत जाण्याजोगं, त्यामुळे ऐटीत चालत गेलो. वाळूत चटई टाकली. नारळ घातलेल्या चण्यांचं सुंडल घेतलं, भाजलेलं कणीस घेतलं, लिंबू चोळून. मसूदाअम्माने कणीस हातात धरून ठेवलं, खाल्लं नाही. सूर्य गेल्यावर तिने पाठ ताठ केली आणि पाण्यावर नजर लावली. मुरादने लावली. मीही लावली, अगदी डोळ्यांत तेल घालून. आकाश स्वच्छ होतं, ढगाचा ठिपका नाही. आम्ही बघतोय, बघतोय, आणि काहीच नाही. लाटा, दूरवर उभी असलेली जहाजं, नंतर त्यांचे दिवे. मुराद म्हणाला, नसेल आज, आई, मलाही नाही दिसली. तिने मान हलवली. परत येताना तिने माझा हात धरला होता.

घरी आलो तर राव दारातच उभे. पंचांगाप्रमाणे आज चंद्रदर्शन होतं, त्यांनी गच्चीवर जाऊन ते घेतलंही होतं. दिसली ना, म्हणून विचारलं. मी म्हटलं, नाही. कुठे बघत होता? म्हटलं, समुद्रावर, आणखी कुठे. राव माझ्याकडे बघत राहिले आणि मग जे हसायला लागले ते खाली पायरीवरच बसले. हसता हसता त्यांना ठसका लागला. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अय्यो! नवी कोर दिसते पश्चिमेला, सूर्याच्या मागोमाग. अश्दोदचा समुद्र पश्चिमेला. आमचा पूर्वेला. ती मायलेकं जन्मभर समुद्राकडे बघत आलेली, तशी इथेही समुद्राकडे तोंड करून बसली, आणि कोर बिचारी आमच्या पाठीमागे, गावाच्या अंगाला, सगळ्या तिरुवल्लिकेणीला दर्शन देऊन मावळून गेली. आणि बरोबर कोण? तर भूगोलाची टीचर! आजही रावांना माझ्याशी भांडणात जिंकायचं असलं की ते फक्त ‘मरीना’ म्हणतात.

मी तशीच वर धावले, मसूदाअम्माला सांगितलं. मुरादने कपाळावर हात मारून घेतला. ती हसली, पण डोळ्यांपर्यंत हसू पोचलं नाही. मला कळलं, तिला ते खरं वाटत नव्हतं. मुरादला दिसली होती, तो आईला बरं वाटावं म्हणून नाही म्हणाला, आणि आता आम्ही सगळे मिळून तिची समजूत घालतोय, असंच तिने धरून ठेवलं. तिच्या दृष्टीने ही दुसरी खुर्ची होती. तेव्हा मी मनाशी ठरवलं, काही होवो, पुढची कोर हिने हिच्या डोळ्यांनी बघितलीच पाहिजे.

पुढची कोर म्हणजे साधी नव्हतीच. त्यांच्या वर्षाचा पहिला महिना. त्यातच पौर्णिमेच्या सुमाराला त्यांचा पेसाह, इजिप्तच्या गुलामीतून सुटल्याचा सण. पण पहिला महिना कधी म्हणायचा, हेही छापील नसतं. तिकडच्या शेतातला जव भरत आलेला दिसला पाहिजे. नसेल तर आणखी एक महिना थांबायचं. राव तर हे ऐकून हरखलेच. आपला अधिकमास गणितातून येतो, यांचा शेतातून! रोज सकाळी मुरादला विचारायचे, जवाचं काय? जणू यांचीच पेरणी होती. एके दिवशी अश्दोदहून मुरादच्या बहिणीने फोटो पाठवला. जवाची कणसं, हिरव्यातून पिवळी होत चाललेली. राव तो फोटो घेऊन गल्लीभर हिंडले. आणि पंचांगात बघितलं तर ही कोर दिसायची होती नेमकी पाडव्याच्या संध्याकाळी. त्यात रमजान चालू, म्हणजे झरीनाच्या घरीही ईदसाठी त्याच कोरीची वाट बघणार. एका कोरीवर तीन घरं डोळे लावून बसली होती.

मी कामाला लागले. रोज संध्याकाळी कपडे काढायच्या निमित्ताने गच्चीवर जायचं आणि सूर्य कुठे बुडतो ते बघायचं. पश्चिमेला आमच्या नशिबाने काय काय आहे! एक नवी उंच इमारत, दोन काळ्या टाक्या, मोबाइलचा टॉवर. पण टाकी आणि मशिदीचा मिनार यांच्या मधे एक फट आहे, अगदी खालपर्यंत मोकळी. मी तिथे कठड्यावर खडूने रेघ मारून ठेवली. राव म्हणाले, परीक्षेचा नंबर टाकतेस का. म्हटलं, परीक्षाच आहे.

पाडव्याला सकाळी पच्चडी, पुरणपोळी, सगळं यथासांग झालं. दुपारपासून माझं लक्ष पश्चिमेकडे. हवेत धुरकट झाक होती. चैत्राचा उन्हाळा, वारा पडलेला. संध्याकाळी आम्ही गच्चीवर गेलो. आजूबाजूच्या सगळ्या गच्च्या माणसांनी भरल्या होत्या, टोप्या घातलेली पोरं टाक्यांवर चढलेली. रोजा सुटल्यावर झरीनाने कठड्यावरून नोंबू कंजीची वाटी पुढे केली, रमजानात तांदळाचं ते पातळ खिमट आमच्या गल्लीत प्रत्येक घरी पोचतं. राव बगलेत पंचांग घेऊन आले होते. एक नव्हे, दोन्ही. आमच्या तमिळ मुलखात जुन्या गणिताचं एक आणि नव्या गणिताचं एक अशी दोन पंचांगं चालतात आणि दोघांचं आपसात पटत नाही. राव मसूदाअम्माला म्हणाले, आज दिसणारच, दोन्हीकडे लिहिलंय.

“मग वर कशाला आलात?” ती म्हणाली. “कागद दोन, चंद्र एक. मी एकाकडेच बघते.”

सगळे हसले, राव सगळ्यांत जास्त. पण तिचे हात कठड्यावर घट्ट रोवलेले होते. समुद्राकडे पाठ, तोंड गावाकडे. मी तिच्या शेजारी उभी. धुरकट पट्टा काही हटेना. नाही दिसली तर? आणि समजा आम्हाला दिसली आणि तिला नाही? हे मी आधी का नाही विचारात घेतलं? टाक्यांवरची पोरं मधूनच ओरडायची, मग म्हणायची, नाही नाही, पतंगाची शेपटी. तसं झालं की मसूदाअम्मा मान आणखी पुढे काढायची. मुराद दुर्बिणीसारखे हात करून बघत होता. खाली रिक्षांचे हॉर्न वाजत होते.

मग माझ्या लक्षात आलं की तिचे हात सैल पडले आहेत. तोंडाने काहीतरी पुटपुटत होती, अगदी हळू. मी विचारलं, दिसली? कुठे, अम्मा, कुठे, मी दहादा विचारलं असेल. बोट दाखवायला ती तयार नाही.

“तू शोध,” ती म्हणाली. “मी दाखवली तर ती माझी होईल.” आणि थोडं थांबून, हसत, “आमच्याकडे जराशी कुशीवर असते. इथे तर चक्क उताणी पडलीय.”

मी त्या फटीत बघत राहिले. नुसता करडा रंग. डोळ्यांत पाणी आलं, पुसलं, परत बघितलं. आणि दिसली. आधी नव्हती आणि मग होती. नखाच्या कडेएवढी, फिकी, दोन्ही टोकं वर करून आडवी पडलेली. उताणी! तिने सांगितली होती तशीच्या तशी. आणि तोपर्यंत आसपासच्या एकाही गच्चीवरून आवाज आला नव्हता. कोणी तिला सांगितलं नव्हतं, कोणी हात धरला नव्हता. माझा जीव भांड्यात पडला. मी तिला मिठी मारली आणि भोकाड पसरलं, आनंदाने, लाज सोडून. मुरादला मग दिसली. तो ‘उताणी’ एवढंच म्हणाला आणि आईकडे बघत राहिला. तेवढ्यात टाकीवरची पोरं ओरडली, गच्च्यागच्च्यांवरून एकच गलका उठला, कुठेतरी फटाके लागले. झरीना कठड्यापलीकडून आम्हा दोघींचे हात धरून हलवत होती. रावांनी पंचांगं टाकीवर ठेवली आणि टाळ्या वाजवल्या. मसूदाअम्मा गच्चीच्या ऊन जमिनीवर गुडघे टेकून पार कपाळ लागेपर्यंत वाकली. उठली तेव्हा कपाळाला कडुनिंबाची दोन फुलं चिकटलेली होती. ती मी काढली नाहीत.

पुढचे पंधरा दिवस म्हणजे घरात लग्न असल्यासारखे गेले. सणाच्या आठवड्यात घरात आंबवलेलं काही दिसता कामा नये. इजिप्तमधून घाईने निघताना पीठ फुगायला वेळ मिळाला नव्हता, त्याची आठवण म्हणून. चेन्नईत राहून हे! आमच्या गल्लीत प्रत्येक ओट्यावर इडलीचं पीठ फुगत असतं. मी म्हटलं, खालच्या मजल्यावरचं पीठही काढून टाकू का? तर म्हणाली, तुझं घर तुझं, माझं माझं. पण मीच हट्टाने आठवडाभर पीठ भिजवलं नाही. रावांचं तोंड एवढंसं झालं होतं. इडलीशिवाय सकाळ म्हणजे त्यांना उपासच. आम्ही दोघींनी माझ्याच नव्या तव्यावर तिची बिनखमिराची भाकरी केली, कणकेत धणे घालून. मळली की लगेच लाटायची, लगेच भाजायची, पीठ जरासुद्धा पडू द्यायचं नाही. माझा हात बघून ती म्हणाली, तू तर इजिप्तमधून सगळ्यांच्या आधी बाहेर पडली असतीस.

आणि कडू भाजी. तिच्या घरी सणाच्या पहिल्या रात्रीच्या जेवणाला, गुलामीची आठवण म्हणून, लिंबू पिळून कडवट पाल्याची कोशिंबीर करतात. तो पाला इथे कुठला मिळायला? मुराद बाजारभर फिरून आला. मसूदाअम्माने ग्रंथ उघडला, ती ओळ बोटाने वाचली आणि म्हणाली, इथे फक्त कडू असं म्हटलंय, नाव कुठलंच दिलेलं नाही. मग गच्चीवर जाऊन तिने कडुनिंबाची कोवळी पानं खुडून आणली. चावून बघितली. तिचा चेहरा असा झाला की मुराद पाणी घेऊन धावला. “हे,” ती घोट घेत म्हणाली, “हे खरं कडू.” त्या संध्याकाळी तिने आम्हाला वर बोलावून धण्याची भाकरी आणि ती कोशिंबीर दिली. राव म्हणाले, हा तर आमचा पाडवाच झाला. चैत्रात कडुनिंब मी जन्मभर खात आले आहे, पण कशासाठी खाते असा विचार त्या दिवशी पहिल्यांदा केला.

त्यानंतर दुसराही डोळा झाला. मुरादचं काम संपलं आणि दसऱ्याच्या आत दोघं परत गेली. वर आता नर्सिंगच्या दोन मुली राहतात, गोड आहेत, रात्रंदिवस दिवे चालू ठेवतात. शुक्रवारी मी आणि राव आमच्या खालच्या खोलीतला दिवा जरा वेळ बंद करून बसतो. सवय लागली आहे.

यंदा पाडव्याला कोर दिसणार नव्हती, दुसऱ्या दिवशी दिसणार होती. काल संध्याकाळी गेले गच्चीवर. खडूची रेघ पुसली गेली होती, पण फट मला पाठ आहे. झरीना कठड्यापलीकडे उभी होतीच. बराच वेळ काही नव्हतं, आणि मग होती. राव धापा टाकत वर आले आणि विचारायला लागले, कुठे, कुठे. म्हटलं, शोधा. कुरकुरले, चष्मा पुसला, पण शोधली त्यांनी. नंतर खिशातून फोन काढून म्हणाले, मसूदाअम्माला कळव. मी त्यांचा हात धरला. तिकडे अजून दुपार होती. मी सांगितलं असतं तर ती माझी झाली असती.

जेवणं आवरून आम्ही ओट्याशी उभे होतो तेव्हा फोन वाजला. मसूदाअम्माच होती. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, काही सांगू नकोस, मी वाळूत उभी आहे. मग फोनमधून नुसता वारा आणि लाटा ऐकू येत होत्या. तिचा समुद्र, तिच्या पुढ्यातला. मागे माणसांची कुजबुज. मी फोन कानाला घट्ट लावून उभी, राव माझ्या खांद्याशी. आणि मग तिचा आवाज आला, चढा, तरण्या मुलीसारखा, तिच्या भाषेतला एकच शब्द. आजूबाजूचे लोक विचारत होते, कुठे, कुठे, आणि ती कोणालाही उत्तर देत नव्हती. बऱ्याच वेळाने ती फोनवर परत आली.

“कुशीवर आहे,” म्हणाली. “आता सांग. तुझी?”

“उताणी,” मी म्हटलं.

ती तिकडे वळून लोकांना काहीतरी म्हणाली. मला त्यातलं एक ‘चेन्नई’ तेवढं कळलं, म्हणून मी विचारलं, काय सांगितलंत? तर म्हणाली, सांगितलं की चेन्नईतसुद्धा दिसली आहे. कोणाला दिसली विचारत होते. म्हटलं, माझ्या मैत्रिणीला, तिच्या शब्दावर मी महिना धरते.